धागा: "मी ब्रेक मारलाच नाही ओ, गाडीनं मारला" – मग भाच्याच्या पायाचं कोण बघणार?

अनगोळकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचतो. आज स्वतःच धागा काढायची वेळ आली.

माझा भाचा, वय २४, उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मोटरसायकलवरून खानापूर रोडनं घरी यायला निघाला. तिसऱ्या रेल्वे गेटच्या उड्डाणपुलाजवळ त्याच्यापुढं एक एमएच-०९ पासिंगची नवी कोरी मोठी गाडी होती. दोघंही ४५-५० च्या वेगात, पुढं रस्ता मोकळा. आणि ती गाडी मधेच कचकन थांबली. पुढं कुत्रं नाही, माणूस नाही, खड्डासुद्धा नाही (खानापूर रोडला खड्डा नव्हता म्हणजे बघा). भाचा मागून जाऊन आदळला. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड घातलाय. तीन महिने कामाचं नाव काढू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय.

गाडीचा मालक स्वतःच चालवत होता. माणूस वाईट नाही, ते आधीच सांगतो. पोराला रिक्षात त्यानंच घातलं. पण उतरल्या उतरल्या तो जे बोलला ते चहाच्या गाड्यावरच्या चौघांनी ऐकलंय: "मी ब्रेक मारलाच नाही ओ, गाडीनं आपोआप मारला." त्या गाडीत ते अडास का काय म्हणतात ते आहे म्हणे. कॅमेरा आणि रडार बघतं आणि स्वतः ब्रेक लावतं.

आता पुढचं बघा. आम्ही सगळे दवाखान्यात, आणि तो गृहस्थ विम्याच्या कागदासाठी पोलीस स्टेशनात. फिर्याद त्याची. त्यामुळं एफआयआरमध्ये आरोपी कोण, तर माझा भाचा! "पुढील वाहनास निष्काळजीपणे पाठीमागून धडक दिली." कन्नडमध्ये आहे, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. गाडीनं आपोआप ब्रेक मारला याचं त्यात अवाक्षर नाही.

कोण काय सांगालंय कळंना झालंय. एक जण म्हणतो मागच्याचीच चूक धरतात, गप्प बसा. दुसरा म्हणतो गाडीच्या कंपनीवर केस घाला, कोटीत मिळतील. ब्रेक माणसानं मारला नाही तर जबाबदार कोण? माणूस, मालक, कंपनी, का तो कॅमेरा?

कॅम्पातला_रिटायर्ड | रात्री १०.०५

मागून ठोकणाऱ्याची चूक. विषय संपला. आजकालची पोरं पुढच्या गाडीच्या डिकीत बसायचीच बाकी असतात. अंतर ठेवलं असतं तर पाय शाबूत राहिला असता. कडू वाटेल, पण खरं आहे.

मांडे_की_कुंदा | रात्री १०.२०

काका, काँग्रेस रोडवर तुमच्या स्कूटरमागं मी दहा वर्षं चालवतोय, तुम्ही कुठं अंतर ठेवता? :)

अनगोळकर, भाच्याला आराम पडो. बाकी हा अपघात अस्सल बेळगावी झाला बघा. गाडी इंग्रजीत बोलते, फिर्याद कन्नडमध्ये, जखमी मराठीत कण्हतोय.

वडगावचा_विणकर | रात्री १०.३१

कन्नडमध्ये लिहिल्यामुळंच हे होतंय. आमच्या माणसाला कागद कळत नाही म्हणून त्याला आरोपी करायचं. मराठीत परिपत्रकं द्यायची मागणी किती वर्षांची आहे? त्यावर कुणी...

संपादक | रात्री १०.५०

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तो अजून बंद केलेला नाही. इथं अपघातावरच बोला. वडगावकरांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग तिकडं हलवलाय.

शहापूरची_वकीलीण | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मोटर अपघात दावे गेली बरीच वर्षं बघते आहे. सल्ला फुकट आहे, पण प्रत्यक्ष कागद बघितल्याशिवाय त्याला शेवटचा शब्द समजू नका.

आधी कॅम्पातल्या काकांना. तुमचं अर्धं बरोबर. १९८९ च्या रस्ता नियमांतला २३ वा नियम म्हणायचा, मागच्यानं अंतर ठेवावं. त्याच्याच खालचा २४ वा नियम मात्र कुणी वाचत नाही: सुरक्षेचं कारण असल्याशिवाय पुढच्यानं अचानक ब्रेक लावू नये. २०१७ मध्ये नवे नियम आले, तरी कोर्टं ही जोडी सोडत नाहीत. ताजं उदाहरण देते. जानेवारी २०१७ मध्ये कोइमतूरला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोटरसायकलवर होता. पुढची कार हायवेवर अचानक थांबली, तो तिला धडकून पडला, मागून आलेली बस पायावरून गेली, पाय कापावा लागला. कारवाल्याचं म्हणणं, बायको गरोदर होती, तिला मळमळत होतं म्हणून थांबलो. ट्रायब्युनलनं, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, कारवाल्याला पूर्ण सोडून दिलं होतं. सुप्रीम कोर्टानं २९ जुलै २०२५ ला निकाल दिला: कारवाला ५० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी स्वतः २० टक्के. हायवेवर मागच्याला इशारा न देता असं थांबणं हा निष्काळजीपणा, कारण कितीही घरगुती असो.

तुमच्या प्रकरणात गरोदर बायकोच्या जागी कॅमेरा ठेवा.

म्हणजे "गाडीनं आपोआप ब्रेक मारला" ही त्या गृहस्थाची सुटका नाहीच. तो तुमचा पुरावा आहे. पुढं थांबण्यासारखं काही नव्हतं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. चहाच्या गाड्यावरच्या चौघांची नावं आणि फोन नंबर आजच लिहून घ्या. महिन्यानं त्यांतले दोघं "मी पाठ करून उभा होतो" म्हणतील.

आता जबाबदार कोण. मोटर वाहन कायद्याच्या नजरेला कॅमेरा दिसतच नाही. त्याला तिघंच दिसतात: चालक, मालक आणि विमा कंपनी. तुम्हाला पैसे मिळायचे ते तिसऱ्याकडून. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि विमा कंपनी ज्या ठरावीक बचावांवर अंग काढून घेऊ शकते त्यांत "सॉफ्टवेअरनं ब्रेक मारला" हा बचाव नाही. मशीन बिघडलं म्हणून मालक सुटतो असंही नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एका जीपचा टायर फुटून पादचारी गेल्याचं प्रकरण होतं. चालकाची चूक सिद्ध झाली नव्हती, तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्यानं नुकसान भरायचं या तत्त्वावर भरपाई मिळाली. टायर फुटणं आणि रडार चुकणं यात मला तरी फार फरक दिसत नाही. अर्थात समोरचा वकील दाखवेल, त्याचं पोट आहे.

एफआयआरला घाबरू नका. ट्रायब्युनल त्याला बांधलेलं नसतं, तिथं "बहुतेक काय घडलं असावं" एवढं पटवायचं असतं. पण स्वस्थही बसू नका. भाच्याची लेखी तक्रार आजच द्या, मराठीत दिली तरी चालेल, पोच घ्या. घेतली नाही तर टपालानं पोलीस आयुक्तांकडं, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. पोलिसांनी जबाब घेतला तर त्यावर सही करायची नसते, सही फिर्यादीवर असते. आणि फिर्याद तुमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. वडगावकरांचा मुद्दा एवढ्यापुरता खरा आहे.

अनगोळकर | सकाळी ८.०२

ताई, उपकार झाले. कुठं दावा घालायचा? गाडी कोल्हापूरची, मालक कोल्हापूरचा. तिकडं खेटे घालायला लागतील काय?

शहापूरची_वकीलीण | सकाळी ८.३०

नाही. कलम १६६ मध्ये तिन्ही पर्याय जखमीला दिलेत: अपघात जिथं झाला ते, तुम्ही जिथं राहता ते, किंवा समोरचा जिथं राहतो ते. तुमचे पहिले दोन्ही बेळगावच. पुढं अपील झालं तर धारवाडचं खंडपीठ, बंगळूरला जायला नको. अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत धरून चाला. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

शिनोळी_नाका | सकाळी ९.१०

ताई, उलटं असेल तर? मी राहतो चंदगड तालुक्यात, बेळगावात कुणी ठोकलं तर?

शहापूरची_वकीलीण | सकाळी ९.१४

तर महाराष्ट्रातही घालू शकता. सीमेवरच्या माणसाला हा एक कायदा तरी दोन्हीकडून उघडा आहे.

निपाणीचा_पाव्हणा | दुपारी १.२५

माझ्याकडं तसलीच गाडी हाय, दोन वर्षं झाली. कंपनी कुठली ते सांगत न्हाय, उगं भांडणं नकोत. हायवेला लई भारी. कोगनोळी नाका सोडला की क्रूझ लावायचा, पुढच्या गाडीमागं आपली आपण पळती. पण ऊस चालू झाला की हिचं डोकं फिरतं. संकेश्वरजवळ शेजारच्या पट्ट्यातनं डबल ट्रॉली चालली होती, बाहेर आलेलं उसाचं वाढं बघून हिनं असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरची आमची आई थेट पुढं. आणि एकदा रात्री बिनलाइटची ट्रॉली सरळ पुढ्यात उभी, तर हिला पत्त्याच न्हाय, मी पाय दिला म्हणून आज लिहितोय.

आता गावात शिरलं की बटन बंद. खडेबाजारात ते चालू ठेवणं म्हणजे आंधळ्या बैलाला जत्रंत सोडल्यागत.

अन् एक सांगतो, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सतरा ठिकाणी लिहिलंय की ही नुसती मदत हाय, जबाबदारी चालवणाऱ्याची. शोरूममधला पोरगा मात्र हात सोडून व्हिडिओ दाखवत हुता.

लोंढा_जंक्शन | दुपारी ३.४८

मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, मूळचा खानापूर तालुक्यातला. कंपनीचं नाव विचारू नका.

पाव्हण्यांच्या दोन्ही किश्श्यांचं मूळ एकच आहे. रडारला धातू छान दिसतो, पण तो धातू रस्त्यावरची गाडी आहे की वरचा दिशाफलक, की पुलाचा कठडा, हे नीट कळत नाही. विशेषतः वस्तू थांबलेली असेल तर. थांबलेल्या प्रत्येक धातूला घाबरायचं ठरवलं तर गाडी दर फर्लांगाला थांबेल, म्हणून अशा बऱ्याच खुणा गाळून टाकतात आणि कॅमेऱ्याची साक्ष मागतात. गाळणी ढिली ठेवली की विनाकारण ब्रेक, घट्ट केली की उभी ट्रॉली निसटते. ती गाळणी कुठं बसवायची हे कुणीतरी इंजिनिअर खोलीत बसून ठरवतो. कधी कधी तो मी असतो. उड्डाणपुलाचा चढ, मावळतीचं ऊन आणि समोर लोखंडी फलक, हे तिन्ही एकत्र आले तर मला तरी नवल वाटणार नाही. पण हा अंदाज, गाडी न बघता केलेला.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानं विनाकारण ब्रेकच्या ३५४ तक्रारींवरून टेस्लाच्या सुमारे ४,१६,००० गाड्यांची चौकशी उघडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर बोगद्यात एक टेस्ला अशीच मंदावत थांबली आणि तिच्यासकट आठ गाड्या एकमेकींवर आदळल्या, नऊ जण जखमी. चालकानं पोलिसांना सांगितलं, स्वयंचलित यंत्रणा चालू होती. म्हणजे तुमच्या उड्डाणपुलाची मोठी आवृत्ती.

शब्दांचा घोळही मिटवतो. शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात. आपल्याकडं शोरूममध्ये मिळतं ते दुसऱ्या पायरीपर्यंतचं: यंत्र मदत करतं, नजर माणसानं ठेवायची. जिला खरोखर विनाचालक म्हणावं ती गाडी आपल्या रस्त्यावर नाहीच. गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलंय की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही.

कॅम्पातला_रिटायर्ड | दुपारी ४.१०

मग हा इंजिनिअर जबाबदार की नाही? स्वतःच कबूल केलंय त्यांनी.

लोंढा_जंक्शन | दुपारी ४.२२

काका, रात्री झोप लागत नाही तेव्हा मीही हेच विचारतो.

टिळकवाडी_टाइम्स | सायंकाळी ६.३०

मग कंपनीवरच केस घाला की! २०१९ साली फ्लोरिडात एका टेस्लानं उभ्या गाडीला धडक देऊन मुलगी मारली, ऑटोपायलट म्हणजे तिची स्वयंचलित यंत्रणा चालू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीनं कंपनीला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. डॉलर! आणि आपण इथं विमा कंपनीच्या दारात लाखाच्या चिंध्या मोजतोय.

शहापूरची_वकीलीण | सायंकाळी ७.४०

टाइम्सराव, तो निकाल पूर्ण वाचा. चालक खाली पडलेला फोन शोधायला वाकला होता. ज्युरीनं मोठा दोष त्याच्यावरच ठेवला, कंपनीवर ३३ टक्के. त्या २४ कोटींतले २० कोटी दंडात्मक आहेत, कंपनीला अद्दल घडावी म्हणून. अपघाताच्या दाव्यात असा दंड लावायची पद्धत आपल्या ट्रायब्युनलात नाही, तिथं झालेलं नुकसान भरून देतात.

आणि दुसरी बाजूही बघा. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वतः चालणाऱ्या चाचणी गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. यंत्राला ती साडेपाच सेकंदांहून जास्त आधी दिसली होती. पण ही गाडी आहे, का सायकल आहे, का आणखी काही, हे दर क्षणाला बदलत राहिलं. झेब्रा सोडून माणूस रस्ता ओलांडेल हे त्या प्रणालीत धरलंच नव्हतं. (असली प्रणाली गणपत गल्लीत आणली तर काय होईल?) पण फौजदारी खटला कुणावर झाला? कंपनीवर नाही, सरकारी वकिलांनी तसं स्पष्ट केलं. गाडीत बसवलेल्या चालक बाईवर झाला. ती फोनवर कार्यक्रम बघत होती, असं पोलिसांचं म्हणणं. २०२३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांची देखरेखीखालची प्रोबेशन झाली. यंत्र चुकलं की फौजदारी कायदा हाताला लागेल तो माणूस धरतो, तिकडंही.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी हे स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. उत्पादक, विक्रेता दोघांनाही ओढता येतं. पण गाडी घेतली कोल्हापूरच्या गृहस्थानं, ग्राहक तो. तुमचा भाचा रस्त्यावरचा त्रयस्थ. तो त्या कायद्याखाली तक्रारदार बनू शकतो का, यावरच पहिली दोन वर्षं जातील. मग दोष सिद्ध करायचा, त्यासाठी तज्ज्ञ, आणि तज्ज्ञ बहुतेक त्याच कंपन्यांचे. फौंड्रीतल्या पोराच्या पायावर हा प्रयोग करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. विमा कंपनीकडून घ्या. पुढं विमा कंपनीला वाटलं तर ती गाडीच्या कंपनीशी लढेल, तिच्याकडं वकिलांची फौज आहे.

ब्रिटननं २०१८ च्या कायद्यात हेच लिहून टाकलंय: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर आधी विमा कंपनीनं जखमीला द्यायचं, मग उत्पादकाकडून वसूल करायचं. २०२४ च्या कायद्यानं आणखी एक केलं, गाडी स्वतः चालत असताना झालेल्या ड्रायव्हिंगच्या गुन्ह्यात सीटवरच्या माणसाला धरायचं नाही. आपल्याकडं तसलं काही नाही, सगळं चालकाच्याच मानगुटीवर.

मांडे_की_कुंदा | रात्री ८.०५

ताई, किती मिळतील अंदाजे? आकडा कळला की माणसाला धीर येतो.

शहापूरची_वकीलीण | रात्री ८.४५

आकडा सांगते, पण हा हिशेब कसा करतात ते दाखवायला आहे, एवढे मिळतील म्हणून नाही. समजा पगार १८,००० आहे. वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले तर २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. २१ ते २५ वयाला गुणक १८, म्हणजे ५४,४३,२००. पाय बरा झाल्यावर कामाच्या दृष्टीनं कायमचं अपंगत्व डॉक्टरांनी १० टक्के सांगितलं तर ५,४४,३२०. त्यात दवाखान्याचा खर्च, तीन महिन्यांचा बुडालेला पगार, वेदनेचे वेगळे. मग भाच्याचा दोष २० टक्के ठरला तर एकूण रकमेतून तेवढे वजा. काका म्हणतात तसं अंतराचं काहीतरी कापलं जाईलच, त्याची मनाची तयारी ठेवा. फौंड्रीत उभं राहून काम असतं हे डॉक्टरांच्या कागदात आलं पाहिजे. बसून काम करणाऱ्याचा १० टक्के आणि भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्याचा १० टक्के सारखा नसतो.

एक सावधगिरी. गंभीर दुखापतीला कलम १६४ खाली अडीच लाख मिळतात, कुणाची चूक ते सिद्ध करावं लागत नाही. मोह होतो. पण विमा कंपनीनं तडजोडीत देऊ केलेली ती रक्कम स्वीकारली की ट्रायब्युनलातला मोठा दावा तिथंच संपतो. विमा कंपनीचा माणूस गोड बोलत दवाखान्यात आला तर चहा पाजा, सही देऊ नका.

लोंढा_जंक्शन | रात्री ९.३०

कायद्याचं झालं, यंत्राचं सांगतो, कारण इथं वेळ निघून चाललाय. एअरबॅगच्या नियंत्रकात अपघाताआधीच्या काही सेकंदांची नोंद राहू शकते: वेग, ब्रेकच्या पेडलवर पाय होता की नाही. पेडलवर पाय नसताना ब्रेक लागला असं निघालं तर त्याहून मोठा पुरावा नाही. पण भरवसा ठेवू नका. अमेरिकी नियमात नोंद व्हायला १५० मिलिसेकंदांत वेगात ८ किलोमीटरचा बदल व्हावा लागतो. मोटरसायकल आणि माणूस मिळून सव्वादोनशे किलो, समोर १८०० किलोची गाडी. ५० च्या वेगानं धडकलं तरी गाडीला बसणारा झटका त्या उंबऱ्याखाली राहू शकतो. शिवाय ती तर स्वतःच थांबत होती. म्हणजे पोराचा पाय मोडला आणि गाडीच्या लेखी काहीच घडलं नाही, असं होऊ शकतं.

म्हणून सोपं बघा. त्या गाडीत डॅशकॅम होता का? आवाजासकट? यंत्र ब्रेक लावण्याआधी बीप वाजवतं, तो आवाज त्यात येतो.

अनगोळकर | २२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

उशीर झाला, दवाखान्यात होतो. भाच्याला उद्या सोडालेत.

तक्रार दिली, मराठीतच. पहिल्यांदा म्हणाले कन्नडमध्ये आणा. तिथल्याच एका हवालदारानं बसून वाचून घेतलं आणि पोच दिली. त्याचं गाव बैलहोंगल, मराठी आपल्यापेक्षा चांगलं.

मग धीर करून त्या कोल्हापूरच्या गृहस्थाला फोन लावला. आधी उचलला नाही, रात्री त्यानंच केला. अर्धा तास बोलला. म्हणाला, गाडी घेतली तिथं विचारलं तर सांगितलं की सिस्टीममध्ये काही दोष दिसत नाही, तुम्हीच पाय दिला असणार. विमावाल्यानं सांगितलं, आपोआप ब्रेक लागला असं कुठंही लिहून देऊ नका, क्लेम अडकेल. "मी खोटं बोललो नाही हो, मला बोलूच दिलं नाही," म्हणाला. एफआयआरमध्ये भाच्याला आरोपी केलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं, कन्नड कळत नाही म्हणून सही करून आला होता. म्हणजे कागद त्यालाही वाचता आला नाही आणि आम्हालाही.

डॅशकॅम आहे. त्यानं मला व्हिडिओ पाठवला. मी चार वेळा बघितला. रस्ता मोकळा, लांबवर एक टमटम, वर तो निळा फलक. मग तीनदा टीं टीं टीं, आणि लगेच त्याचा आवाज, "अरे अरे, काय करतेस!" गाडीला म्हणतोय. मग धाडकन आवाज. तो आवाज म्हणजे आमचं पोरगं.

व्हॉट्सॲपवर आलेला हा व्हिडिओ कोर्टात चालंल काय, ताई? का आणखी काही करावं लागंल? तो साक्षीला यायला तयार आहे म्हणाला, बायको नको म्हणतेय.

निपाणीचा_पाव्हणा | रात्री १०.२८

त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. आपली चूक न्हाय हे दाखवायला व्हिडिओ देणारे लई असत्यात, समोरच्याच्या कामी येतोय म्हणून देणारा इरळा.

कॅम्पातला_रिटायर्ड | रात्री १०.४०

अंतराचं माझं मत कायम आहे. पण त्या व्हिडिओतल्या विनाकारण ब्रेकचं वाचून मीही गप्प झालो, हे लिहून ठेवतो.

शहापूरची_वकीलीण | रात्री ११.०५

व्हॉट्सॲपची प्रत ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. डॅशकॅम जुनं पुसून नवं लिहीत राहतो, त्या गृहस्थाला आत्ताच फोन करून मेमरी कार्ड काढून ठेवायला सांगा, गाडी आणखी चालवू देऊ नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. पहिल्यावर सही त्याचीच लागणार. बायकोला काय वाटतं ते मला समजतं, पण गाडी विम्याखाली आहे, पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत, हे त्यांना समजावून सांगा. फौजदारीत मात्र धोका आहे. पोलिसांनी तुमची तक्रार नोंदवली तर आरोपी तो होईल, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यानं स्वतःचा वकील करावा आणि तसं तुम्हीच त्याला सांगावं. लपवून ठेवू नका.

अनगोळकर | रात्री ११.२०

म्हणजे व्हिडिओ देऊन तोच अडकणार काय?

शहापूरची_वकीलीण | रात्री ११.३१

अडकेलच असं नाही. पाय त्याचा पेडलवर नव्हता, हे त्याच्याही बाजूचं आहे. पण आपल्या कायद्यात गाडी चालवणारा म्हणजे स्टिअरिंगमागं बसलेला, आणि तो तिथं बसलेला होता. उद्या दहा वाजता शहापूरच्या ऑफिसात या, मेमरी कार्ड आणि शक्य झालं तर त्यालाही घेऊन.

अनगोळकर | रात्री ११.३४

विचारलं. तो म्हणतोय सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो. गाडी घेऊन नाही.